दिनकररावांचा रुमाल

मी एक जुनी सीट आहे. यष्टीच्या गाडीतली, दारातून चढले की पहिलीच, दोन माणसांची. मित्रांनो, सीट म्हणजे गरीब, मुकाट्याने सोसणारी असे समजू नका. मी डूख धरणारी आहे.

कारखान्यात मला घडवले तेव्हा माझ्या पोटात काथ्या भरला आणि अंगावर हिरवे रेक्झिन चढवले. पालम ते परभणी ही माझी वाट. पहिल्या वर्षी लोक माझ्यावरून हात फिरवत आणि "लय मऊ हाय" म्हणत. पुढे कोणी चाकूने माझ्यावर नाव कोरले, कोणाची तंबाखूची पिचकारी खिडकीऐवजी माझ्यावर आली, कोणी चिखलाच्या वहाणांसकट पाय वर घेतले. ते सगळे चेहरे माझ्या लक्षात आहेत. पण माझा खरा दावा आहे तो दिनकररावांशी.

दिनकरराव म्हणजे मोठे बागाईतदार. गाडी थांबायच्या आत ते डोक्याचा रुमाल सोडत आणि खिडकीतून माझ्यावर फेकत. रुमाल पडला की अख्खी सीट धरली गेली, हे आपल्याकडे सर्वांना मान्य. मग दिनकरराव निवांत चहा पीत आणि गाडी सुटताना चढत.

१९७४ च्या उन्हाळ्यात एकदा रुमाल असाच येऊन पडला. मागोमाग तानुबाई आणि तिची सून कमल चढल्या. दोघी दिनकररावांच्याच रानात मजुरीला जायच्या. कमलला नववा महिना होता. सकाळपासून पोटात दुखू लागले म्हणून सासू तिला परभणीला दवाखान्यात नेत होती. गाडी गच्च भरली, सुटली. दिनकरराव चढलेच नाहीत.

"आत्याबाई, बसू का? कंबर लय दुखायलीय," कमल म्हणाली.

"नको माय. मालकाचा रुमाल हाय. म्होरच्या फाट्यावर चढतेत आसतील. उद्या त्यांच्याच रानात जायचं हाय आपल्याला."

फाटा गेला, गंगाखेडही गेले. रुमाल ऐटीत बसला होता आणि कमल माझी दांडी धरून उभी होती. चाळीस माणसे बघत होती. कोणी हललेसुद्धा नाही. मला हात असते तर मी त्या रुमालाच्या चिंध्या केल्या असत्या आणि त्या चाळीस जणांनाही सोडले नसते. शेवटी एका खड्ड्याला कमलचा हात सुटला आणि ती खाली कोसळली. तेव्हा कुठे कंडक्टर सिताराम मागची गर्दी सारत धावत आला, रुमाल उचलला आणि तिला माझ्यावर निजवले. एक फडके उचलायला बाई पडावी लागली!

परभणीला तिला उचलून नेले. पुढे महिनाभर मला काहीच कळले नाही. कमल जगली का, तिचे बाळ जगले का? मी रोज दाराकडे डोळे लावून होते आणि दिनकररावांना तळतळाट देत होते. ते मात्र महिना सरता सरता हसत हसत आले. "त्या दिवशी जीप भेटली बघ सिताराम, रुमालाचं ध्यानच राहिलं न्हाई." रुमाल परत घेतला आणि पुढच्या बाजाराला पुन्हा माझ्यावर फेकला.

त्याच दिवशी तानुबाई चढली. मागे कमल, तिच्या कुशीत इवलीशी पोर. तानुबाईने रुमाल उचलला, नीट घडी घातली आणि सुनेला बसवून स्वतःही बसली. माझ्या जिवात जीव आला.

दिनकरराव चढले. "तानु, जागा धरलेली हाय. दिसत न्हाई का?"

"दिसायलीय की मालक. मागल्या खेपेला तुमचा रुमाल बसून गेला आन् माझी सून उभ्यानं गेली. नात वाचली म्हणून बरं."

तिने रुमाल त्यांच्या हातात दिला. उद्याची मजुरी त्याच माणसाच्या हाती होती. मी म्हटले, आता रस्त्यातला एकही खड्डा चुकू नये, या माणसाची हाडे खिळखिळी व्हावीत!

एवढ्यात तानुबाई सुनेकडे सरकली. "या मालक, दाटीवाटीनं बसू. लांबचा रस्ता हाय. उभं ऱ्हाऊन तरास व्हतो."

दिनकररावांना बसवेना. उघड्या डोक्याने, मुठीत रुमाल चुरगाळत ते परभणीपर्यंत उभे राहिले. तानुबाईच्या शेजारची जागा तशीच मोकळी होती.

मित्रांनो, रुमाल टाकून जागा अडवू नका. आणि अडवणारा भेटलाच, तर त्याच्यासाठी थोडे सरका. त्याची अशी जिरते, की एवढा सूड मला जन्मात जमला नसता.