दोनशे वह्या आणि एक हात

मित्रांनो, पुस्तकबांधणीच्या दुकानात कोपऱ्यात गंजत पडलेले जुने लोखंडी दाबयंत्र म्हणजे मी. बाइंडरकाकांनी मला तरुणपणी आणले. तीस वर्षे आम्ही दोघांनी फाटक्या पुस्तकांना धडधाकट केले. "काकांनी शिवलेलं पान निघायचं नाही," असे लोक म्हणत, तेव्हा मीही मनातल्या मनात फुगत असे.

मग एक दिवस कागद कापण्याच्या पात्याखाली काकांचा उजवा हात आला. "तीन महिन्यांत ऑपरेशन करा, नाहीतर बोटं कायमची आखडतील," डॉक्टरांनी बजावले.

एवढा खर्च झेपणारा नव्हता. थोरल्या लेकीने इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. अशा साइट बऱ्याच असतात, हे तिला ठाऊक होते. प्रत्येकीचा हेतू निराळा असतो, हे मात्र नव्हते. काहींवर लोक आजाऱ्याला मदत म्हणून देतात आणि विसरून जातात. काहींवर ते एखादी वस्तू बनण्याआधीच तिचे पैसे भरतात आणि वस्तूची वाट पाहतात. घाईत तिने नेमकी ही दुसरी निवडली. 'बदल्यात काय देणार?' या रकान्यात भाबडेपणाने लिहिले, 'बाबांच्या हातची वही.'

दोनशे जणांनी पैसे भरले. पंधरवड्यात विचारणा सुरू झाली. "हात बरा झाला की वह्या देऊ," लेकीने कळवले.

"मग पैसे कशाला घेतले? चोर कुठले!" एका बाईने लिहिले. तक्रारी वाढल्या आणि साइटने रक्कम अडवून ठेवली.

"बाबा, सगळं परत करू. उपचारांसाठीची वेगळी साइट असते म्हणे."

"चोर म्हणून नाव झालंय माझं. आता तिथं कोण देईल? वह्याच करू."

लेक शिवायची. काका डाव्या हाताने आणि छातीच्या जोराने माझे चक्र फिरवायचे. त्यांचे कण्हणे मी ऐकले आहे. दोनशे वह्या व्हायला पाच महिने लागले. रक्कम सुटली. डॉक्टरांनी हात चाचपून सांगितले, "उशीर झाला. आता ऑपरेशनचा उपयोग नाही."

त्यानंतर मला कोणी फिरवले नाही.

आठवड्याने त्याच बाईचा निरोप आला. "वही फार सुरेख आहे. काकांचा हात आता कसा आहे?"

मित्रांनो, मागण्याआधी आणि देण्याआधी ती जागा कशासाठी आहे, हे नीट वाचा. आणि हाताची चौकशी करायचीच असेल, तर ती वही मागण्याआधी करा.