सातशे ऐंशीच्या वर

दुकानाच्या मागच्या भिंतीवर बोट ओढायचे नऊ विंच लावलेले होते. पाच तारेचे, चार पट्ट्याचे. सहांचे रिमोट वायरने जोडलेले, दोहोंचे बिनवायरचे, आणि एकाला रिमोटच नाही, अंगावरच बटण. सगळ्यात लहान चारशे किलो ओढणारा, सगळ्यात मोठा दीड टन. खाली काउंटरवर तीन बॅटऱ्या, जाड लाल-काळ्या वायरीचं एक भेंडोळं, आणि शेजारी एक खुर्ची, जिच्यावर बाबा बसायला तयार नव्हते.

"मोजून झालं असेल तर चल," बाबा लेकीला म्हणाले. "बघितले ना विंच?"

घरात तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. लहानपणी ती आंघोळीच्या बादलीतलं पाणीसुद्धा टिपरीने मोजायची, आणि आता एका प्रयोगशाळेत दोर आणि साखळ्या तुटेपर्यंत ताणून बघायचा पगार घेत होती. बाबांच्या मते ही मुलगी वाया गेली नव्हती एवढंच, बाकी होती तशीच होती.

"बोट किती किलोची, काका?" दुकानदाराने विचारलं.

"कागदावर विचाराल तर चारशे वीस. मागचं इंजिन ऐंशी. म्हणजे पाचशे," बाबा म्हणाले. "पण आता ती पाचशेची राहिलेली नाही. पाणी प्यायलीय."

"तळातला फोम?"

"तोच. तळ आणि फळी यांच्यामध्ये फोम भरलेला असतो ना, तो भिजलाय. गेल्या वर्षापासून ओढताना जाणवतंय मला."

दुकानदाराने मान डोलावली. असं होतं, म्हणाला. फोम भिजला की बोट वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि आतून शे-दोनशे किलोने फुगलेली असते. "पण तसं असेल तर मी विंच विकणार नाही तुम्हाला. आधी फळी कापून फोम काढा. भिजलेली बोट मोटरने ओढत राहिलात तर एक दिवस नाकाची कडीच हातात येईल."

"ऐकलंस?" बाबांनी तिच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. "बोट दुरुस्त करायची, विंच नको. हॅन्डल आहे तेच बरं आहे."

विंचचा विषय निघाला तो गेल्या महिन्यात. तलावाच्या उतारावर बाबा नेहमीसारखे हॅन्डल फिरवून बोट ट्रेलरवर ओढत होते. बोट जरा वाकडी आली म्हणून सरळ करायला त्यांनी हॅन्डल उलटं फिरू न देणारा खटका उचलला आणि क्षणभर सगळा भार हातावर घेतला. हे त्यांनी आजवर हजारदा केलं असेल. त्या दिवशी हॅन्डल हातातून निसटलं, पंख्यासारखं गरगर फिरलं आणि बोट सूं करत परत पाण्यात गेली. बाबांचं मनगट थोडक्यात वाचलं. घरी आल्यावर त्यांनी बोटीला यथेच्छ शिव्या दिल्या.

पण बोट ही काही पहिली नव्हती. त्याआधी कपाचा कान गुळगुळीत झाला होता. मग दाराचं कुलूप कडक झालं. मग शर्टांची काजं लहान शिवायला लागले लोक. आई एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली होती, "घरातल्या सगळ्या वस्तू बिघडल्यात, हे तेवढे धडधाकट." आणि मग, बाबा बाहेर गेल्यावर, अगदी वेगळ्या आवाजात, "उजवा हात आहे गं तो. झोपेतसुद्धा चोळत असतात. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात."

"तरीही एक चालवून तर बघा," दुकानदाराने एक पट्ट्याचा विंच काउंटरवरच्या बॅटरीला जोडला आणि वायरचा रिमोट बाबांच्या हातात दिला. "बटण दाबून धरायचं. सोडलं की थांबतो. सुरक्षिततेसाठी तसं असतं."

"मला नका शिकवू. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्यात मी," बाबा म्हणाले आणि उजव्या हाताने बटण दाबलं.

पट्टा गुंडाळायला लागला. थांबला. परत सुरू झाला, थांबला. बाबांनी अंगठा नीट टेकवला, नखाची कड पांढरी होईपर्यंत दाबला. पट्ट्याचा ढोल वीतभर फिरला आणि अंगठा आपोआप घसरला.

"वायर सैल आहे याची," बाबा म्हणाले.

दुकानदाराने रिमोट घेतला. ढोल एका दमात फिरला, पट्टा टोकापर्यंत गुंडाळला गेला.

"असेल सैल," दुकानदार म्हणाला. "बघतो मी."

तिने भिंतीकडे बघितलं आणि परत मोजलं. नऊच होते.

बाबा निघता निघता वळले. "यांना हॅन्डल असतं का? बॅटरी बसली तर हाताने फिरवायला?"

"सगळ्यांना नसतं. या टनाच्याला आहे."

"मग घ्यायचाच झाला तर हा. पण आधी भार बघू."

गाडीत बसल्यावर त्यांनी तिला समजावलं. हे समजावणं तिने लहानपणापासून ऐकलेलं होतं. पूर्वी रात्रीच्या जेवणाला ते लिफ्टच्या गोष्टी सांगायचे. "मोटर दमते आहे अशी तक्रार आली की नवशिक्या पोरगा थेट मोटर उघडायला जातो. मी कधी गेलो नाही. आधी भार मोजायचा. दहापैकी नऊ वेळा लोकांनी जास्तीचं काहीतरी कोंबलेलं असतं. भार पाटीवर लिहिल्याइतकाच निघाला, तरच मोटर उघडायची."

"मग मोजू या," ती म्हणाली.

"मोजू या की! मी कुठे नाही म्हणतोय?"

तिला वाटलं, आपल्याला इतकी घाई का झाली आहे. मग लक्षात आलं, की बोट जड निघावी असं तिला बाबांपेक्षाही जास्त वाटत होतं. त्या संध्याकाळी बोटीत गुडघ्यांवर बसून तिने एका नाण्याने सगळी फळी ठोकून बघितली. बहुतेक ठिकाणी टकटक असा कोरडा आवाज. इंजिनाजवळ आणि मधल्या बाकाखाली मात्र आवाज बद्द यायचा. दोन जागा. तिने तिथे परत परत ठोकलं. प्रयोगशाळेत कुणी एवढ्यावरून निष्कर्ष काढला असता तर तिने त्याची फिरकी घेतली असती.

रविवारी सकाळी तिघं निघाली. आई मागे, मांडीवर डबा. बोट तलावात सोडून ती धक्क्याला बांधली, आणि रिकामा ट्रेलर घेऊन रस्त्यापलीकडच्या वाळूच्या डेपोत गेली, तिथे वजनकाटा होता. काटेवाला खिडकीत बसून कान कोरत होता. ट्रेलर गाडीपासून सोडवून लोखंडी फलाटावर ठेवला. दोनशे ऐंशी.

"म्हणजे बोट आणि इंजिन धरून सातशे ऐंशी यायला हवं," ती म्हणाली. "त्याच्या वर जेवढं, तेवढं पाणी."

"हजार येईल बघ."

"हजार आलं तर पेढे का?" आईने विचारलं. "बोट बुडायला आल्याचे?"

"अगं, बोट दुरुस्त होते!" बाबा म्हणाले.

आईने डब्याचं झाकण उगीच घट्ट केलं.

परत उतारावर येऊन बोट रिकामी करायची होती. पेट्रोलची टाकी, बॅटरी, वल्ही, जॅकेटं, दोर. बाबा डाव्या हाताने सामान धक्क्यावर देत होते, उजवा खिशात होता. ती पुढच्या कप्प्यात वाकली. तिथे नांगर होता, साखळीसकट. अंदाजे पंधरा किलो. तिने कप्प्याचं झाकण लावलं आणि उठून उभी राहिली.

"झालं," ती म्हणाली.

"नांगर काढलास का?" बाबांनी विचारलं.

"...राहिला."

"काढ की मग. पाणी मोजायचंय आपल्याला, लोखंड नाही. मोजपट्टी म्हणे!"

तिने नांगर काढला. साखळी फळीवरून खडखडत गेली आणि तिचे कान तापले.

बोट ओढायची तेव्हा बाबा सवयीने हॅन्डलपाशी गेले. आईने "अहो" एवढंच म्हटलं. बाबा बाजूला झाले आणि म्हणाले, "बरं, आज हिलाच कळू दे किती जड आहे ते."

तिने पट्ट्याचा आकडा बोटीच्या नाकाच्या कडीत अडकवला आणि हॅन्डल धरलं. तिचे दंड कसे होते, तर दुधाची पिशवी दुसऱ्या मजल्यावर नेताना ती हात बदलायची. हॅन्डल फिरलं. खटका टकटक करत दात ओलांडत गेला, पट्टा ताठ झाला, आणि बोट रोलरवर चढायला लागली. कष्ट पडत होते, पण ते पायऱ्या चढताना पडतात तितकेच. ती वाट बघत होती की आता अडेल, आता कुठेतरी तो जास्तीचा भार येईल. नाक रबराला टेकलं तेव्हा तिला धापसुद्धा फारशी लागली नव्हती.

बाबा तिच्याकडे बघत होते.

तिने हॅन्डलवर डोकं टेकलं आणि तोंडाने मोठमोठा श्वास घेतला. "बाप रे," ती म्हणाली. "काय जड आहे हो, बाबा."

"म्हटलं नव्हतं?" बाबांचा चेहरा असा उजळला की तिला खाली बघावं लागलं. "म्हटलं नव्हतं मी? तरी तू अजून जवान आहेस. ऐकलंस का गं, हिलासुद्धा जड गेली!"

"ऐकलं," आई म्हणाली. ती लेकीकडे बघत होती.

तळाचं बूच काढून बोट निथळू दिली. बाबांचाच आग्रह, वरचं साचलेलं पाणी हिशेबात नको, मागाहून कुणी शंका घ्यायला नको. थेंब पडायचे थांबेपर्यंत सगळे उन्हात उभे राहिले. बाबा फळी कापायच्या बेताबद्दल बोलत होते. कुठून कापायची, नवा फोम कुठला भरायचा, वरून कापड आणि रेझिनचे किती थर. दोन आठवड्यांचं काम. विंच वगैरे सगळी थेरं. ती हो हो म्हणत होती. मघाशी खोटं दमली नसती तर ते इतकं बोलले नसते, हे तिला ठाऊक होतं, आणि आता ते परत घेण्याची सोय नव्हती.

डेपोत काटेवाल्याने ट्रेलर पुढे-मागे करून घेतला. गाडी सोडवली. तिने पुढचं छोटं चाक टेकवलं आणि फलाटावरून खाली उतरली. खिडकीच्या वरच्या पाटीवर लाल आकडे नाचायला लागले. सहाशे चाळीस. आठशे वीस.

"आठशे वीस!" बाबा म्हणाले.

"हलतंय अजून, काका," काटेवाला म्हणाला. "थांबू द्या. कुणी टेकू नका."

कुणीच टेकलं नव्हतं. आई गाडीपाशी उभी होती. बाबा पाटीच्या अगदी खाली गेले, मान वर करून, आणि त्यांचा उजवा हात खिशातून बाहेर आला होता. तो त्यांनी डाव्या हातात धरला होता. ती त्यांच्या मागे उभी राहिली. बोटीच्या तळातून एक शेवटचा थेंब फलाटावर पडला.

सातशे साठ. सातशे नव्वद. सातशे सत्तर.

आकडा थांबला. सातशे ऐंशी.