काळा रंग मारलेला गंज

हार्ड रॉकमध्ये शब्दाले काडीची किंमत नसते, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून द्याले तयार होतो. आता नाही देत. आता मले कोणी वाढदिवसाचं गाणं म्हणाले लावलं तरी मी पहिले पाह्यतो, समोर कोण बसलं हाय.

आमच्या बँडचं नाव 'भडका'. मी रजत, गळा माहा. गिटारवर नयन, त्याचं दिग्रसच्या बसस्टँडसमोर मोबाईल कव्हरचं दुकान हाय. ड्रमवर आसिम, माहा शेजारी अन् लंगोटीयार. आख्ख्या दिग्रसमध्ये हार्ड रॉक वाजवणारे आमी तिघंच, त्याच्यानं तालुक्यात आमचा नंबर पहिला. शेवटचाही आमचाच, पण थे जाऊ द्या.

आसिमची मोठी बहीण अतिया बाजी शाळेत शिकवते अन् गाणे लिहिते. एक दिवस तिनं वही माह्यापुढं टाकली. आत लिहिलं होतं:

मायच्या केसात रुई बसली,
लोक म्हणे पिकली, माय हसली.

"बाजी," मी म्हटलं, "चांगलं हाय, पण वाया हाय. नयनचं गिटार किंचाळते, आसिम ड्रम फोडते, मी गळा फाडतो. त्याच्यात तुही कापसाची रुई कोणाले ऐकू येईन?"

"मंग तू बोंबलतं तरी काय?"

"जे तोंडात येईन थे. हार्ड रॉकमध्ये शब्द म्हंजे तर्रीपोह्यावरची कोथिंबीर. नसली तरी कोणी प्लेट वापस करत नाही."

बाजीचं नाक लाल झालं. "लाव पैज. कापसाच्या जिनिंगमध्ये तुमचा कार्यक्रम हाय ना? थो झाल्यावर पब्लिकमधल्या एकानं जरी तुह्या गाण्यातली एक ओळ सांगतली, तर जन्मभर माहेच शब्द गायचे. कोणीच नाही सांगतली, तर ही वही मी चुलीत घालते."

"एक ओळ? एक शब्द सांगून दाखवा म्हणा!" असं म्हणून मी हात मारला.

पण 'जे तोंडात येईन थे' हे मी खोटं बोललो होतो. नुसतं आ-आ करून गळ्यातून थो जाडा, खरबरीत आवाज निंघत नाही. पोटात काहीतरी खरंखुरं अडकलेलं लागते. माह्या पोटात दोन वर्षांपासून एक गंज अडकून होता.

आता गंजाचं सांगतोच. लोखंडाले लागते थो गंज नोय. गंज म्हंजे आमच्याकडं उंच काठाचं मोठं पातेलं. माह्या मायच्या लग्नातला स्टीलचा गंज होता, काठावर नाव कोरलेलं: मैनाबाई सदाशिवराव. माय अन् आसिमची अम्मी नसरीन चाची, दोघी आर्णी रोडवरच्या जिनिंगमध्ये वीस वर्षांपासून कामाले. बाजूबाजूच्या मशीनी, त्याच्यात कापूस टाकायचा. दुपारचा डबा एकच. एकीची भाकर, दुसरीचा सालन, अन् कोणाचं काय थे कोणी पाह्यत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ईदले चाचीनं मायचा गंज मागून नेला. दुसऱ्या दिवशी वापस पाठवला, रिकामा नाही, शीरखुर्म्यानं भरून, माह्याच हाती. रस्त्यात आसिम भेटला. आमी दोघांनी बोटानं सारा शीरखुर्मा चाटून खाल्ला अन् आसिमनं रिकाम्या गंजावर सहज दोन काड्या हाणल्या. काय आवाज होता बाप्पा! टण्ण करून थेट छातीत! आमच्याजवळ ड्रमचा एक नग कमीच होता. आसिमनं त्याच्या वडलाच्या गॅरेजमध्ये गंजाले दोन भोकं पाडले, स्टँडवर बोल्ट मारला, वरून काळा ऑइलपेंट.

संध्याकाळी मायनं विचारलं, "गंज आला का बे?"

मी म्हटलं, "नाही."

बस, दोन अक्षरं. तिकडं चाची म्हणे, मी तं रजतच्याच हाती पाठवला. पण मायनं माह्यावर भरोसा ठेवला. आसिमले विचारलं तं त्यानं खांदे उडवले. माय म्हणे, माह्या लग्नातली वस्तू गिळली. चाची म्हणे, वीस वर्षांत मले चोर समजली का? त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद, डबा अलग. माय दुपारी एकटीच खाते, अन् अर्धी भाकर वापस आणते. मी थे भाकर रोज पाह्यतो. मले लाज वाटे, पण सांगाची हिंमत होत नव्हती. मायच्या हातात चप्पल लवकर येते.

म्हणून मी थे सारं गाण्यात ओरडून टाको. पहिल्यांदा प्रॅक्टिसमध्ये ओरडलो तवा आसिमच्या हातातली काडी पडली. "अबे, कोणी ऐकन ना!"

"कोण ऐकते? तूच सांग, तुले काय ऐकू आलं?"

"मले माहीत हाय म्हणून समजलं. नाहीतर डुकराले टोचल्यासारखं वाटते."

"मंग झालं तं!"

अन् माय ऐकन याची तं मले अजिबातच भीती नव्हती. मशीनीनं तिचे कान कामातून गेले. दारावरची बेल तिले ऐकू येत नाही. हां, एक हाय, मी अंगणात उभा राहून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटलो का खिडकीतून बरोबर चप्पल येते. मले वाटे, प्रत्येकाची माय अशीच असते. मी जिनिंगमध्ये जन्मात कवा पाय ठेवला नव्हता.

दिवाळी झाली, मशीनींची पूजा झाली. दुपारी चार वाजता आवारात कार्यक्रम. दरवर्षीचा ऑर्केस्ट्रा नोको, काही नवीन पाह्यजे, असा शेठच्या पोराचा हट्ट होता म्हणून आमाले बोलावलं. समोर सतरंजीवर सत्तरेक बायका, सगळ्या मशीनीवरच्या. मधोमध त्यांची मुकादम हंसाबाई. डाव्या टोकाले माही माय, उजव्या टोकाले नसरीन चाची. दोघींच्या मधात जेवढी जागा सापडन तेवढी. अतिया बाजी बाजूले खुर्चीवर, मांडीवर वही.

मी माइक घेतला अन् मोठ्या ऐटीत सांगतलं, "हे हार्ड रॉक होय. याच्यात शब्दाकडं ध्यान द्यायचं नसते. फक्त आवाज घ्यायचा!"

बाजीकडं पाहून डोळाही मारला. मंग नयननं तार छेडली, आसिमनं डोळे मिटले, अन् भडका पेटला.

पहिल्यांदा साऱ्या बायकांनी कानात बोटं घातले. मी सुरू झालो:

गंज आला होता! मीच आणला होता!
शीरखुर्मा चाटला! मायले खोटं बोललो!
चाची चोर नाही! चोर मी होय!

दुसऱ्या कडव्याले पाह्यतो तं काय, बायकांचे हात कानावरून खाली आले. कोणी हलेना. सत्तर जोडी डोळे माह्या तोंडावर! मी मनात म्हटलं, रजत, लेका, जिंकलं तू. पब्लिक गुंतली. मी स्टेजच्या पार काठावर आलो, तोंडाचा जबडा पुरा उघडला, अन् एक एक शब्द चावून चावून पुन्हा सोडला. गं-ज! मी-च! आ-ण-ला! हंसाबाई समोर सरकली. पुढच्या दोघीतिघी तोंडाले पदर लावून हलाले लागल्या. मले वाटलं, भावुक झाल्या.

मंग मी शेवटची ओळ मारली, जिच्यासाठी माह्या गळ्याची शीर फुगते:

गंज हाय कुठी? ड्रमच्या मधात! काळा रंग मारलेला!

साऱ्या सत्तर बायकांची नजर माह्या तोंडावरून उठली अन् एका झटक्यात आसिमच्या ड्रमवर गेली.

 माय डावीकडून उठली, चाची उजवीकडून उठली. दोघी स्टेजवर चढल्या. मी माइक सोडून मागं सरकलो. नयननं गिटार तसंच टाकलं, थे आपल्या मनानं कुंईं करत राह्यलं. आसिमचे डोळे बंदच, धडाधड सुरू. मायनं केसातली पिन काढली अन् गंजाच्या काठावरचा रंग खरवडला. पहिले 'मै' निंघालं. मंग 'ना'.

मी स्टेजवरून खाली उडी मारली अन् हंसाबाईच्या मागं लपलो. "मावशी, तुमाले ऐकू कसं आलं?"

"ऐकू कोणाले आलं?" हंसाबाई म्हणाली. "चाळीस मशीनी सुरू असल्या का तिथं बाजूच्या बाईची बोंब ऐकू येत नाही. आमी वीस वर्षांपासून ओठ वाचून बोलतो, बाबू. सुनेच्या चुगल्या, भाजीचे भाव, सारं. अन् तू तं तोंड असं उघडलं का पडजीभ दिसली."

"सगळं समजलं?"

"म्हणून दाखवू का?" अन् तिनं बाजीकडं पाहून पुरं कडवं म्हणून दाखवलं, शीरखुर्म्यासकट. बाजीले स्वतःले माहा एक शब्द समजला नव्हता. आता समजला. तिनं वही उचलून छातीशी धरली अन् माह्याकडं असं पाह्यलं का मी हंसाबाईच्या आणखी मागं सरकलो.

"दोन वर्षं दोघी बाजूबाजूले उभ्या राहून तोंड फिरवत होत्या," हंसाबाई म्हणाली. "आमच्यात तोंड फिरवलं म्हंजे संपलंच. आवाज दिला तरी पोचत नाही. अन् हे सारं तुह्यासारख्या मुडद्यापायी!"

तिकडं आसिम सुरूच होता. त्या धडधडाटात, थ्या कुंईं-कुंईंत, माय अन् चाची एकमेकींसमोर उभ्या होत्या. मंग चाचीचे ओठ हलले. आवाज काहीच नाही. मायचे हलले. चाचीनं कपाळावर हात मारला. मायनं डोळ्याले पदर लावला, लगेच काढला, कारण पदरातून ओठ दिसत नाहीत. दोघी भरभर बोलत होत्या, दोन वर्षांचं, एकमेकींच्या तोंडाकडं पाहून. मधातच चाचीनं मायच्या केसातला रुईचा एक पुंजका काढला अन् तिले दाखवला, अन् माय हसली. दोन वर्षांत मी मायले असं हसताना पाह्यलं नव्हतं. मले भडभडून आलं.

पण काय बोलून राह्यल्या? मले माफ करून राह्यल्या का आज रात्री कोणत्या चपलेनं थे ठरवून राह्यल्या? मायनं एकदा माह्याकडं बोट दाखवलं. चाचीनं मान हलवली. कायले हलवली? 

"मावशी, सांगा ना, काय म्हणते माय?" मी हंसाबाईचा हात धरला. "एक ओळ सांगा. पाया पडतो, एक शब्द तरी सांगा!"

हंसाबाईनं दोघींकडं नीट पाह्यलं. सारं वाचलं, गालातल्या गालात हसली, अन् पान तोंडात टाकलं.

"हे हार्ड रॉक होय बाबू," थे म्हणाली. "याच्यात शब्दाकडं ध्यान द्यायचं नसते. तू आवाज घे."