पाटाकडच्या बाजूचं शेवाळ

मुलांनो, डोळे मिटा आणि एक पाट समोर आणा. नदी नव्हे हं, पाट. माणसांनी खणलेला, शेतांना पाणी नेणारा. त्याच्या काठाने खांद्यावर फावडं टाकून एक माणूस चालला आहे. कोणत्या शेताला कधी आणि किती पाणी सोडायचं, ते तो बघतो. त्याला म्हणतात पाटकरी. त्याच्या मागे उड्या मारत येणारी ती त्याची मुलगी. सगळे तिला भिंगरी म्हणतात. दिसली? मग आता उघडा डोळे आणि ऐका.

हा पाट भिंगरीच्या आत्याच्या घरामागून जायचा. तिथली जमीन भुसभुशीत, पाणी फार मुरायचं. टोकाच्या शेतांपर्यंत पोहोचेस्तोवर करंगळीएवढी धार उरायची. "गळक्या घागरीने हौद भरतोय मी," असं पाटकरी वैतागून म्हणायचा. शेवटी त्याने तेवढ्या भागात चिकणमाती टाकली. भिंगरीने ती आठ दिवस नाचून नाचून तुडवली. पाणी सोडायच्या पुढच्याच पाळीला टोकाच्या शेतांत पाणी भरभरून पोहोचलं. लोकांनी पाटकऱ्याला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि भिंगरीला तर आकाश ठेंगणं झालं.

महिन्याभराने आत्याची विहीर आटली.

आत्या रोपवाटिका चालवायची. वांगी, टोमॅटो, मिरची. आसपासची निम्मी शेतं तिच्याच रोपांवर उभी राहायची. आता तिच्या वाफ्यांनी माना टाकल्या होत्या आणि लावणीला पंधरा दिवस उरले होते. विहिरीजवळच्या खड्ड्यातली तिची बदकंही चिखलात बसून कुरकुरत होती. तिने विहीर खोदणाऱ्याला बोलावलं. तो आत उतरला, दोन-चार वेळा पहार आपटली आणि वर आला.

"खाली कातळ आहे, ताई. खोल करा म्हणाल तर करीन. पण पाणी लागेल असं खोटं कशाला सांगू?"

तो गेल्यावर भिंगरीने आत वाकून पाहिलं. तीन बाजूंचे दगड नेहमीसारखेच कोरडे होते. चौथी बाजू मात्र एरवी शेवाळाने हिरवीगार असायची. आज तिथलं शेवाळ तपकिरी होऊन पापुद्र्यांसारखं सुटत होतं. ती बाजू पाटाकडची होती. आणि त्या पाटातली चिकणमाती भिंगरीनेच तुडवली होती.

गप्प राहता आलं असतं. कुणालाच कळलं नसतं. पण ती तडक घरी गेली. बाबा फावड्याचा दांडा घट्ट करत बसले होते.

"बाबा, आत्याचं पाणी आपण बंद केलं."

"काहीतरीच! तिच्या विहिरीला मी हात तरी लावला का?"

"विहिरीला नाही, पाटाला लावला. तिथं जे मुरायचं, तेच तिच्या विहिरीत उतरायचं."

"पाटाचं पाणी शेतासाठी असतं," पाटकरी जरा जोरातच म्हणाला.

"आणि शेतात लावायची रोपं काय तुझ्या फावड्याला फुटतात?" मागून आत्याचा आवाज आला. भिंगरी अशी धावत का सुटली ते बघायला ती मागोमाग आली होती.

पाटकरी उठला. आत्याच्या घरी जाऊन विहिरीत उतरला, त्या वाळलेल्या शेवाळावरून हात फिरवला आणि वर येऊन काठावर बसला.

"मुरलं ते वाया गेलं, एवढंच धरून चाललो गं ताई. आता माती काढली तर टोकाची शेतं पुन्हा कोरडी. नाही काढली तर तू."

"काढ म्हणतंय कोण? किती वर्षं वाट पाहिली त्या लोकांनी."

मग भिंगरीने विचारलं, "पाळी संपली की पाटात उरलेलं पाणी कुठे जातं?"

"ओढ्यात सोडतो."

"ते बदकांच्या खड्ड्यात सोडलं तर? बदकं पोहतील, आणि खालून हळूहळू मुरेल विहिरीत."

पाटकरी तिच्याकडे पाहतच राहिला. "डोकं बापावर गेलंय."

"आत्यावर गेलंय," आत्या म्हणाली. "बापावर गेलं असतं तर अजून माती तुडवत असती."

पाटकरी हसला, पण लगेच गंभीर झाला. "ओढ्यावर टोकाच्या शेतांची गुरं पाणी पितात. सगळं इकडे वळवून कसं चालेल? एकाच पाण्याला किती तोंडं लागलेली असतात बघ. अर्धं इकडे, अर्धं तिकडे करता येईल. परवा पाळी संपतेय, त्याआधी त्यांना विचारायला हवं. आणि विचारायचं तू."

"मी?"

"माती तू तुडवलीस, शेवाळही तूच पाहिलंस. मी बरोबर येतो."

टोकाच्या शेतात एक म्हातारा शेतकरी गुरांना चारा टाकत होता. चिकणमातीचं सगळ्यांत जास्त कौतुक त्यानेच केलं होतं.

"काय गं भिंगरे, आणखी कुठे माती तुडवायची राहिली का?"

पाटकरी बांधावरच थांबला. घरून पाठ करून आणलेलं एकही वाक्य भिंगरीला आठवेना. मग ती म्हाताऱ्याच्या पायांजवळ उकिडवी बसली, ओल्या मातीत बोटाने एक लांब रेघ ओढली आणि म्हणाली, "आजोबा, हा आपला पाट. आणि हे बघा, इथं आत्याची विहीर."