पाटी रिकामी होईपर्यंत

जनाबाईला पाणी पाजायचं म्हणजे प्राप्तीच्या नाकी नऊ येत. आजीला दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलेलं, तरी हट्ट सुटेना. वैशाखाच्या उकाड्यात तिला भ्रम झाला होता. नातीलाच ती केशर म्हणून हाक मारायची, पाटी उचल म्हणायची. वय झालं, असं घरचे समजले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, "वेडबीड काही नाही. अंगातलं पाणी आटलंय. रक्त, थुंकी, घाम, सांध्यातलं वंगण, सगळं पाण्यावरच चालतं, डोकंसुद्धा. तहान लागो न लागो, दर तासाला पेला द्या. पुन्हा असं झालं तर किडन्या जातील."

जनाबाईने हे सगळं ऐकलेलं. बहिरी थोडीच होती ती? पण प्राप्ती कामावर गेली, की मोहने गावातल्या त्या घरात भरलेला पेला मोरीत रिकामा होई.

कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या भ्रमात केशरबाई आली होती, मरून सात वर्षं झालेली केशर. कल्याणच्या बाजारात तीस वर्षं दोघींच्या मासळीच्या पाट्या शेजारी शेजारी. बाजारात बायकांना जायला जागा नाही, म्हणून पाटी रिकामी होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. बोंबलांवर पाणी मारत राहायचं, आणि आपण गालात चिंचोका धरून गिऱ्हाइकाशी भांडायचं. काय भांडायच्या! कुणी फार घासाघीस केली, की केशर म्हणे, "ताई, कोळंबी घरी नेऊन सोला, मला इथं कशाला सोलता?" मग दोघींना हसू आवरत नसे. दुपारी घरी येऊन माठातलं पाणी घटाघटा प्यायचं, हनुवटीवरून ओघळू द्यायचं. तसं सुख जनाबाईला पुढे कशातच मिळालं नाही. तोंड कोरडं पडलं की केशर पुन्हा येईल, या आशेवर म्हातारी बसली होती.

एका संध्याकाळी प्राप्ती टिटवाळ्याहून आली ती ओटीपोट दाबून खाटेवर बसली. तिथल्या नव्या इमारतीच्या साइटवर ती फ्लॅट दाखवण्याचं काम करते. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून ठेवली. बाटली तोंडोतोंड भरलेली.

"प्यायली नाय?" जनाबाईने विचारलं.

"साइटवर लेडीज टॉयलेट नाहीये गं अजून. मग नाही पीत मी. सवय झालीय. थोडी जळजळ होते, बस."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

केशरही हेच म्हणायची, थोडी जळजळ. पुढे तिचे पाय सुजले, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. शेवटी तर पेलाभर पाण्यासाठी ती जनाबाईचा हात धरून रडायची, आणि डॉक्टरांची द्यायला बंदी होती.

"केशर पहिल्या दिवशी बाजारात तांब्या घेऊन आलेली," म्हातारी म्हणाली. "मीच तिला म्हटलं, ठेव तो, पिऊ नको. मीच शिकवलं तिला."



जनाबाईने बाटली उचलली, निम्मी स्वतः प्यायली आणि उरलेली नातीच्या हातात दिली. "पी. उद्या डॉक्टरणीकडे जाऊ. मग तुझ्या त्या साहेबाशी भांडायला मी येते. ते मला शिकवायला नको."

प्राप्ती प्यायली. केशर आता पुन्हा यायची नाही, हे जनाबाईला ठाऊक होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि अजून एक पेला मागितला.