मोहाच्या वासाची भिंत

सुनिलने अट घातली तेव्हा माझ्या हातात पातेलं होतं. ते त्याच्या दिशेने गेलं नाही, हा माझा मोठेपणा.

"भिंत टिकली तं राहा इथी," तो म्हणाला. "नाई टिकली तं मायले घेऊन घुग्घुसले ये. खोली पाहून ठेवली हाये मी."

माय म्हणजे त्याची आई, माझी सासू नीलाबाई. मीही तिला मायच म्हणते. सुनिल घुग्घुसच्या सिमेंट कारखान्यात कामाला आहे, सुटी मिळाली की गावी येतो. गेल्या हिवाळ्यात हत्तींनी आमच्या जुन्या घराची भिंत पाडली, आतल्या धानासाठी. माय तेव्हा बाजेखाली अंग चोरून पडली होती. ती वाचली, पण सुनिलच्या मनातली भीती गेली नाही. त्याचं चुकत नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण मी घुग्घुसला एक उन्हाळा काढलाय. घासून ठेवलेल्या ताटावर जेवायला बसेपर्यंत धूळ चढते तिथे. कुरखेड्याच्या पुढे जंगलाला लागून आमची स्वतःची जागा आहे, आणि ती सोडून जायची माझी अजिबात तयारी नव्हती.

नवं घर आम्हीच बांधत होतो. सिमेंटचे खांब उभे राहिले, वर टिनाचे पत्रे चढले आणि गाडं भिंतीपाशी अडलं. मला विटांची भिंत हवी होती, बाहेरून टाइल्स लावलेली, वडशाच्या एका डॉक्टरांच्या घराला आहे तशी. सुनिल म्हणाला राखेच्या विटा घेऊ, त्याच्या भागात त्या ढिगाने मिळतात. पण ट्रकवाला आमच्या रस्त्याचं नाव ऐकूनच हसला. शेवटी हाताशी होतं त्यातून ठरलं. कमरेइतकी विटांची भिंत, म्हणजे पावसाचे शिंतोडे मातीला लागणार नाहीत, आणि त्यावर पत्र्यापर्यंत बांबूचा तट्टा, आतून-बाहेरून मातीने लिंपलेला. टाइल्सचं स्वप्न मी गिळलं. यंदा धान घरात ठेवायचंच नाही, हेही ठरलं. धान नाही तर हत्ती कशाला येतील?

बांबू सुनिलने चिरला, तट्टा मायने विणला. माती माझ्याकडे होती. तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, घालून भिजवलेली माती चांगली आंबली की पकड धरते, पण थंडीत ती लवकर आंबेना. सुनिलची सुटी संपत आली होती. पंडुमच्या सणाला पूजेसाठी मायने मोहाची दारू काढली होती, तिचा आंबूस लगदा मडक्यात उरला होता. टाकून देण्यापेक्षा मी तो सगळा मातीत तुडवला. काय माती झाली म्हणून सांगू! तट्ट्याला लोण्यासारखी बसली. पश्चिमेची भिंत मी एका दमात लिंपून काढली आणि स्वतःवरच खूश होऊन तिथेच नव्या घरात झोपले. नखांतली मातीसुद्धा धड काढली नाही.

सकाळी उजाडताना खरवडल्याचा आवाज आला. मला वाटलं, बैल सुटला. सुनिलने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. बाहेर कोणीतरी श्वास घेत होतं, आणि तो श्वास फार मोठा होता.

पश्चिमेच्या भिंतीवरची ओली माती सोलली जात होती. बाहेरून एक एक ढेकूळ निघत होतं, आतलं लिंपण गळून पडत होतं, आणि तट्ट्याच्या फटींतून धुकं दिसायला लागलं. मग धुकं दिसेनासं झालं. त्या जागी राखाडी, सुरकुतलेली कातडी आली. आणि मग डोळा. त्याला लांब पापण्या होत्या, माणसाला असतात तशा. हत्तीण होती ती, आणि तिच्या पोटाखालून एक पिल्लू विटांना अंग घासत होतं. हत्तीण माझी भिंत खात होती, आणि मोहाचा वास मीच तिला दिला होता.

पळायला दार होतं, पूर्वेला. आमच्यातलं कोणीच हललं नाही. मायने देवापुढे जोडते तसे हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "जय सेवा."

खिडकीची नुसती चौकट बसली होती, झडपा अजून यायच्या होत्या. तिथून सोंड आत आली. हवेत थांबली, हुंगत हुंगत वळली आणि माझ्या उजव्या हातापाशी आली. टोक ओलं होतं, गरम होतं. तिने माझी बोटं एकेक करून चाचपली, नखांपाशी फुंकर सोडली. मला भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत भरलं होतं, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. एवढा मोठा जीव, आणि माझा हात इतक्या हळू धरतो! नुसता खांदा लावला असता तरी तट्टा, खांब, आम्ही, सगळं आडवं झालं असतं. तिने लावला नाही. सोंड मागे गेली, पिल्लाने एकदा चीत्कार केला, आणि दोघं झाडांत शिरली. एवढं मोठं अंग जाताना पाचोळा जेमतेम वाजला.

मग मी भिंतीकडे पाहिलं. तट्टा उघडा पडला होता. अट मी हरले होते. मी कोपऱ्यातलं गाठोडं ओढलं आणि मायची लुगडी भरायला लागले.

"काय करून राह्यली?" सुनिलने विचारलं.

"भिंत गेली ना. चाल म्हणशील आता घुग्घुसले."

तो उठला. तट्ट्यावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवत गेला. एकही कामटी मोडली नव्हती.

"माती गेली," तो म्हणाला. "भिंत कुठी गेली?" मग माझ्याकडे वळला. "पन त्या मातीत टाकलं काय होतं तू?"

मी सांगितलं. माय इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. सुनिल हसला नाही. त्याने माती भिजवायच्या खड्ड्यातली उरलेली माती लांब नेऊन पुरली, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि नव्या खड्ड्यात उतरला.

"ते खोली दुसऱ्याले देऊन टाक म्हनतो मालकाले," माती तुडवता तुडवता तो म्हणाला. "ये लवकर. आन् हात धुऊन ये. या मातीले वास नाई पायजे."

मी चुलीतली मूठभर राख घेऊन नाल्यावर गेले. उजवा हात पाण्यात घालायचं जिवावर आलं होतं. थोडा वेळ तो नुसता मांडीवर घेऊन बसले. मग राख घेतली आणि नखांपर्यंत घासून घासून धुतला.