असानकुलच्या जीपचा दुसरा फाळका

मी फाळका बोलतोय. जीपच्या पाठीला दोन साखळ्यांवर लटकतो, उघडला की आडवा पडतो आणि लावला की गप्प उभा राहतो, तोच मी. पुढच्या काचेला येणारा रस्ता दिसतो. मला फक्त मागे राहिलेलं दिसतं. त्यामुळे माझ्या बोलण्यात जरा हळहळ जास्त असते, तेवढी सांभाळून घ्या.

माझा जन्म व्होल्गाकाठच्या कारखान्यातला. हिरवा रंग लेऊन मी नारिनच्या डोंगरात आलो, तो सामुदायिक शेतीवरच्या गुरांच्या डॉक्टरच्या जीपला लागून. काय दिवस होते ते! डॉक्टर सकाळी माझ्यावर सुया मांडायचा आणि दुपारी मला पुसून त्याच जागी पाव मोडायचा. वसंतात कोकरू जन्मलं आणि थंडीनं काकडलं, की आधी माझ्यावर ठेवून चोळलं जाई. संध्याकाळी पोरं माझ्यावर बसून पाय हलवत. अजूनही ऊन लागलं की मला ओल्या लोकरीचा वास येतो.

मग राज्य बदललं, शेती मोडली, मेंढ्यांची वाटणी झाली. जीपचीही झाली, तुकड्यातुकड्यांनी. मी एका खुराड्याचं दार झालो. कोंबड्यांविषयी मी काही बोलणार नाही. बोलण्यासारखं त्यांनी काही केलंच नाही.

तिथून मला सोडवलं तुर्दुबेकनं. हा गावातला वेल्डर, हात सोन्याचा आणि तोंड तिखट. त्यानं मला खरवडलं, धुतलं आणि असानकुलच्या अंगणात नेऊन टेकवलं.

असानकुल हा म्हातारा मेंढपाळ. त्याची जीप माझ्याच जातीची, पण रंगानं पिवळट. तिचा आधीचा फाळका गेल्या शरदात घाट उतरताना निखळला आणि चहाचं पाणी उकळायच्या समोवारासकट नदीत गेला. समोवार गेल्याचं दुःख त्याच्या बायकोला, बुरुल अपाला, फाळक्यापेक्षा जास्त होतं. पण मला पाहून ती घरात गेली आणि मूठभर बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणून माझ्यावर उधळले. आमच्याकडे ते नव्या सुनेवर उधळतात. इतकी वर्षं विष्ठा अंगावर घेतलेल्या पत्र्यावर कुणी बोरसोक उधळावेत! मला भरून आलं.

अंगणात त्यांचा मुलगा मिर्लानही होता. बिश्केकला नोकरी, तिसऱ्या मजल्यावर घर, शहरात सुटलेलं पोट. तो आई-वडिलांना न्यायला आला होता.

"अता, समोवाराच्या जागी अपा असती तर?" तो बापाला म्हणाला. "ह्या डबड्यातून मी तुम्हाला जैलूवर जाऊ देणार नाही."

"फाळका नीट बसला की झालं ना?"

"बसला तर जा. नाही बसला तर माझ्याबरोबर शहरात यायचं. कायमचं."

"शब्द?"

"शब्द!"

जैलूवर, त्या वरच्या कुरणावर, असानकुल जन्मल्यापासून दर उन्हाळा काढत आला होता. तिसऱ्या मजल्यावरून त्याला काय दिसलं असतं? समोरच्या इमारतीचा तिसरा मजला.

तुर्दुबेकनं मला बिजागऱ्यांत ओवलं आणि वर उचललं. डावी खिट्टी लागली. उजवी बोटभर अलीकडेच राहिली. त्यानं ठोकलं, वाकवलं, घासलं, माझ्या आधीच्या मालकांचा उद्धार केला. पण दोष माझा नव्हता. जीपचे मागचे दोन्ही खांब वयानं फाकले होते.

"असानकुल अके," शेवटी तो घाम पुसत म्हणाला, "फाळका धडधाकट आहे. तुमची जीपच म्हातारी झालीय."

"जीपच ना? मला वाटलं मला म्हणतोयस."

म्हातारा माझ्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. मिर्लान जिंकला होता, पण त्याचाही चेहरा उतरला होता. मला त्या दोघांचीही दया आली.

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. तुर्दुबेक हत्यारं घेऊन पडवीत पळाला. मिर्लाननं आईला धरून जीपच्या मागच्या भागात चढवलं आणि स्वतःही आत घुसला. गारा आत येऊ नयेत म्हणून असानकुलनं मला उचलून लोटलं.

खट्.

दोन्ही खिट्ट्या लागल्या! दोघांच्या भारानं तळ दबला होता आणि खांब आत ओढले गेले होते.

गारा थांबल्यावर सगळे माझ्याभोवती जमले. अपा पुढच्या दारानं उतरली, तरी मी लागलेला. मिर्लान उतरला, तशी खिट्टी सुटली आणि मी धाडकन आडवा. तो पुन्हा चढला, मी पुन्हा लागलो.

"फाळका बसला!" असानकुल ओरडला.

"असा कुठं बसतो?" मिर्लान म्हणाला. "आत दगड भरा मग."

"दगड? माझ्या जीपमध्ये माणसं बसली, कोकरं बसली. दगडांना मी जैलू दाखवणार नाही."

"मग पिठाची पोती ठेवा."

"पीठ कालच ट्रकनं वर गेलं," अपा चटकन म्हणाली. "तूच बस. शहरानं तुला एवढं पोसलंय, कधीतरी आई-बापाच्या उपयोगी पड."

मिर्लाननं शब्द दिला होता. बसला बिचारा, गुडघे हनुवटीला लावून.

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत तो फोनवर बोलत होता. मग फोन मुका झाला आणि तो माझ्यावर कोपर टेकून मागे बघू लागला. खाली गाव लहान होत चाललं होतं. मला इतकी वर्षं जे एकट्याला दिसत आलं, ते त्या दिवशी माझ्याबरोबर कुणीतरी बघत होतं.

"अता, मी घोड्यावरून पडलो तो ओढा हाच ना?"

"हाच. आणि तीनदा पडलास, एकदा नाही."

वर पोचल्यावर तो दोन दिवस राहिला. घोडीचं आंबवलेलं दूध प्याला, बापाबरोबर मेंढ्या वळवल्या, नाकाची साल निघेपर्यंत उन्हात हिंडला. निघायच्या सकाळी अपा माझ्यावर पाव मोडत बसली होती.

"चढताना मी होतो," मिर्लान म्हणाला. "पण थंडीआधी खाली उतरताना?"

"तूच यायचंस. दुसरं कोण बसणार?" तिनं मान वर केली नाही.

तो रजेचं काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "येतो."

"आणि बारीक होऊन येऊ नकोस," असानकुल म्हणाला.

आता मी इथंच आहे, तंबूसमोर, अंगावर पाव आणि आजूबाजूला गवत. मिर्लान ज्या वाटेनं गेला, ती वाट मला इथून दिसते. माझं आयुष्य सांगून झालं. एकच मागणं आहे.

आम्ही अंगणातून निघालो, तेव्हा घर माझ्या नजरेसमोर होतं. पडवीच्या कोपऱ्यात पिठाची दोन भरलेली पोती उभी होती आणि त्यांच्यावर अपानं घाईघाईनं टाकलेलं घोंगडं वाऱ्यानं अर्धं उडालं होतं. ती दोन पोती आत ठेवली असती, तरी मी लागलोच असतो. मिर्लान तुम्हाला कधी कुठं भेटला, तर एवढं त्याला सांगू नका.